लूम बंद असतानाची रेघ

पाऊस सरला की आमच्या घरात भांडी उपडी पडू लागतात. भाताचं पातेलं, पोह्यांचा डबा, दोन-तीन वाट्या, कान तुटलेली एक बरणी. खिडकीलगतच्या टेबलावर ती ओळीने पालथी घातलेली असतात आणि प्रत्येकाखाली एकेक जपानी पैलवान रंग वाळवत उभा असतो. भिवंडीतल्या आमच्या नारपोलीच्या हवेत बारा महिने कापसाचा तूस उडतो. ओल्या रंगावर तो एकदा बसला की चिमट्याने ओढावा लागतो आणि त्याबरोबर रंगही येतो. म्हणून ही भांडी. खिडक्या बंद, पंखा बंद, बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत घामाने चिकटलेले कपडे, असे आमच्याकडचे हे दिवस असतात. यंदाही भांडी पडली आहेत. गेल्या वर्षीपेक्षा कमी आहेत. ती मोजायची नाहीत, असं घरात कुणी न बोलता ठरलेलं आहे.

पैलवान माझी थोरली बहीण करते. शैलाताईची सगळी नोकरी शाळेच्या कचेरीत गेली. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. बाजारात हातगाडीवर मिळणारे स्वस्त प्लॅस्टिकचे खेळण्यातले पैलवान ती आणते, गरम पाण्यात टाकून मऊ करते, हात-पाय कापून हव्या त्या कोनात पुन्हा जोडते. विजेच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार आतून हाडासारखी घालते. डोकं, केस, बोटं, पोटाच्या वळ्या हे सगळं नळाची गळती बंद करायच्या दोन रंगी पुट्टीतून होतं. बुटांच्या नाड्या म्हणजे एकेरी धागा. झगे लूमच्या कारखान्यातून फेकलेल्या कापडाचे. जपानी कुस्तीत पैलवानाचं नाव पुकारलं की प्रेक्षक रंगीत कागदी फिती आखाड्यात फेकतात; त्या फिती ताई रंगीत सुताच्या करते आणि पैलवानाच्या खांद्यावरून पायाशी लोळू देते. पूर्ण झालेला पैलवान हाताच्या तळव्यावर उभा राहतो.

हे पैलवान कुठल्या दुकानात मिळत नाहीत. त्या कुस्तीचे चाहतेच ते एकमेकांसाठी बनवतात, फोटो टाकतात, चुका दाखवतात. चुका दाखवण्यात ही मंडळी अतिशय निर्दय आहेत. अमक्या वर्षी पट्टी डाव्या गुडघ्याला होती, उजव्या नाही. कपाळावरचा व्रण भुवईला टेकतो, तुमचा टेकत नाही. ताईला असल्या चुका मानवत नाहीत. तिची खरी अडचण पाठीची असते, कारण फोटो सगळे समोरून काढलेले असतात. वर्तमानपत्रात असताना जुने फोटो शोधायची मला सवय लागली होती, तेव्हा पाठमोरे पैलवान शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. झग्यावरची अक्षरं आम्हा दोघांनाही वाचता येत नाहीत. ताई ती अक्षरं म्हणून काढत नाही, चित्र म्हणून काढते.

ही कुस्ती आमच्या घरात अप्पांच्या आजारपणात आली. अप्पा म्हणजे आमचे वडील, शेलार गावच्या शाळेत मास्तर होते. शेवटच्या वर्षांत त्यांचे हात कापायचे, पाय धरायचे, दुपारी पडून झोप यायची नाही. ताई त्यांच्या उशाशी मोबाइल टेकवून ठेवायची. एकदा कशातून तरी जपानी कुस्ती लागली आणि अप्पांनी ती बंद करू दिली नाही. भाषा कळायची नाही, त्यामुळे त्यांनी पैलवानांना स्वतःची नावं ठेवली. एका अवाढव्य माणसाचं नाव गोदाम. एक बूट गुलाबी आणि एक काळा घालणारी मुलगी म्हणजे विसराळू. एक म्हातारा मुखवटेवाला होता. तो आखाड्यात आल्यावर अंगातला झगा उतरवायचा, त्याची चौकोनी घडी घालायचा, कोपऱ्यात ठेवायचा, चारी दिशांना वाकायचा आणि मग मार खायला तयार व्हायचा. अप्पा त्याला हेडमास्तर म्हणत.

"निकाल आधी ठरलेला असतो यांचा, अप्पा," मी एकदा म्हटलं.

"असू दे," अप्पा म्हणाले. "आपटतायत ते तर खरं ना? बघ कसा पडला."

त्यांचा अंगठा तेव्हा तर्जनीवर सारखा फिरत असायचा, काहीतरी वळत असल्यासारखा. भिवंडीत असं बोट फिरताना दिसलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. शेजारी म्हणायचे, मास्तर सूत वळतायत. अप्पा हसायचे. आम्हीही हसायचो. त्या आजाराचं नाव डॉक्टरांनी बऱ्याच उशिरा सांगितलं.

हे सगळं सांगायचं कारण एक विशिष्ट ऑक्टोबर. अप्पांना जाऊन फार काळ झाला नव्हता. ओसाकाच्या एका बाईने ताईकडे हेडमास्तर मागितला होता. ती नर्स होती. तिने लिहिलं होतं, की हिवाळ्यात तो निवृत्त होणार, शेवटच्या कुस्तीला त्याची छोटी मूर्ती हातात घेऊन बसायचं आहे. ताईने पावसाळ्यातच शरीर तयार केलं. रंगाला मात्र थांबावं लागलं, कारण पावसाळी हवेत वरचा चमकीचा थर वाळताना दुधाळ होतो आणि पैलवान धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून पाऊस गेल्यावर, हवा कोरडी झाल्यावर, ती मुखवट्याला बसली.

हेडमास्तरांचा मुखवटा गडद निळा. डोळ्यांच्या भोकांभोवती एक रुपेरी रेघ, केसाएवढी. त्या मुखवट्यात बाकी काहीच नाही, सगळा चेहरा त्या रेघेवर. रेघ दोन्हीकडे सारखी आली तर माणूस शांत दिसतो. एका बाजूला जरा जाड झाली, जरा हलली, की तोच माणूस घाबरलेला दिसतो.

ताईने रेघ काढली, भिंगाखाली धरली आणि माझ्याकडे दिली. "घाबरलाय ना हा?"

घाबरला होता. तिने रेघ पुसली, पुन्हा काढली. पुन्हा तसाच.

"हे खालचे," ती म्हणाली.

खालचे म्हणजे अन्सारीभाईंचे लूम, यंत्रमाग. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा कारखाना आहे. आमचं लहानपण त्या खडखडाटावर गेलं. तो ऐकू येत नाही. थांबला तरच ऐकू येतो. शुक्रवारी सुट्टी असते. तेव्हा लूम थांबतात आणि पहिला तासभर सगळी गल्ली सवयीने ओरडूनच बोलत असते. ताईचा नेम असा होता, की बारीक रेघा शुक्रवारी काढायच्या, बाकी रंग इतर दिवशी; या रेघेला ती शुक्रवारपर्यंत थांबली नव्हती. त्या पावसाळ्यात मात्र अन्सारीभाईंनी जुने काही लूम काढून जास्त वेगाचे आणले होते आणि दोन्ही शिफ्ट चालू होत्या. तेव्हा ताईचं म्हणणं पटण्यासारखं होतं. शिवाय ते पटवून घेण्याची आम्हाला गरज होती.

ती तडक खाली गेली. मी मागोमाग. अन्सारीभाई दारात खुर्ची टाकून चहा पीत होते. मशीनच्या आवाजात बोलायचं म्हणजे भांडल्यासारखंच बोलावं लागतं.

"अन्सारीभाई, तुमच्या नव्या मशीनने माझा पैलवान हलतोय!"

"पैलवान हिल रहा है तो उसको बादाम खिलाओ, दीदी!"

"मस्करी नाही करत मी. रेघ वाकडी येते."

"मशीन एकदम बराबर बैठेली है. आपकी बिल्डिंगच नाचती है, उसमें हमारा क्या कसूर?"

"बिल्डिंग अप्पांच्या वेळेपासून उभी आहे. तेव्हा नव्हती नाचत."

"तब जवान थी," अन्सारीभाई म्हणाले आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

ताईने चहा घेतला नाही. वर येऊन टेबलाच्या पायांखाली जुन्या चपलांचे तुकडे सरकवले. त्यावर जाड सतरंजी. टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध. रेघ तशीच. मग टेबल स्वयंपाकघरात नेलं. मग गच्चीच्या जिन्यावर. घरात त्या दिवसांत चालताना कशावर तरी आदळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं आणि कुणीही तक्रार करत नव्हतं.

अशातच शेलारहून काकू आल्या. अप्पा त्यांच्या गावात मास्तर असल्यापासूनचा घरोबा. काकूंच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत, पण त्या अजूनही येताना भाजी घेऊनच येतात. त्यांनी आल्या आल्या पातेलं उचललं.

"अगो बाय! मी म्हटलं भात हाय. यो कोन उघडा?"

"जपानचा पैलवान आहे, काकू. ठेवा, ठेवा, ओला आहे."

"उघडाच हाय, अन वर त्याला भांड्याखाली कोंडलाय." काकू हसल्या आणि पातेलं परत ठेवून बसल्या. ताईने चहा आणला. कपबशी पुढे करताना बशी किंचित वाजली. काकूंनी कप घेतला नाही. त्या ताईच्या हाताकडे बघत राहिल्या.

"तुझा बापूस असाच कप धरायचा गो," त्या म्हणाल्या.

काकूंच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. त्या अप्पांची आठवण काढत होत्या.

"खाली लूम चालू आहेत, काकू," ताई म्हणाली. "सगळंच वाजतं."

"आसंल," काकू म्हणाल्या आणि कप घेतला.

त्यानंतर ताईच्या हाताकडे न बघणं हे घरातलं एक काम होऊन बसलं. हात पोळी लाटताना ठीक असायचा. भाजी चिरताना ठीक. टीव्ही बघताना मांडीवर पडलेला असायचा तेव्हा मी मुद्दाम टीव्हीकडे बघायचो. अंगठा तर्जनीवर फिरतोय का, हे बघायचं नाही, आणि न बघताही कळत राहायचं, की आत्ता तो स्थिर आहे, आत्ता नाही, आत्ता तिने तो दुसऱ्या हाताखाली घेतला. स्वतःचाही हात मी कधी कधी उजेडात धरून पाहायचो. बाहेर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दुपारचं ऊन पत्र्यांवर तापायचं, टेम्पो कापडाचे तागे घेऊन उलटे गल्लीत शिरायचे, आणि हॉर्नला कंटाळून कुणीतरी शिव्या द्यायचं.

एका संध्याकाळी अन्सारीभाई स्वतःच वर आले. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास. जिना चढून आले तरी पाणी सांडलं नव्हतं.

"रोज रोज का झगडा नहीं मंगता," ते म्हणाले. "अभी फैसला होता है."

ग्लास त्यांनी टेबलावर ठेवला, पैलवानांच्या भांड्यांमध्ये. आम्ही तिघं वाकून पाण्याकडे बघू लागलो. खाली लूम चालू होते. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. मधून काठाकडे, पुन्हा मधून काठाकडे, न थांबता.

अन्सारीभाईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं. "हिलता तो है."

"मी काय सांगत होते?" ताई म्हणाली. "काय सांगत होते मी?"

इतकी आनंदलेली ती मला बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती. तिने त्यांना बसवलं, चिवडा दिला, पातेलं उचलून हेडमास्तर दाखवला. अन्सारीभाईंनी तो हात न लावता सगळ्या बाजूंनी पाहिला. "ये तो बुजुर्ग आदमी है," ते म्हणाले. "इस उमर में कुश्ती?" मग त्यांनी स्वतःहून कबूल केलं, की मशीनच्या पायांखाली रबर घालतो. त्या रात्री आम्ही नीट जेवलो.

रबर म्हणजे ट्रकच्या जुन्या टायरचे जाड तुकडे. ते घालायला एकेक लूम थांबवावा लागला आणि ऐन दिवाळीच्या मालाच्या दिवसांत अन्सारीभाईंनी तो थांबवला. काम झाल्यावर त्यांनी रस्त्यावरून खिडकीकडे तोंड करून हाक मारली, "दीदी! अब देखो!" ताईने ग्लास भरून ठेवला. वर्तुळं नव्हती. म्हणजे कुठेतरी एखादं उठून विरत होतं, पण पाणी पाण्यासारखं होतं. तिने ब्रश धुतला, भिंग ओढलं, श्वास धरला आणि रेघ काढली. बराच वेळ ती भिंगातून वर आली नाही.

"पाण्याला काय कळतंय," ती म्हणाली. "पाणी जाड असतं. रेघेला जास्त कळतं."

यानंतरची गोष्ट मला उशिरा लक्षात आली. ताई शुक्रवारी बसेनाशी झाली होती. ज्या दिवसाची ती आठवडाभर वाट बघायची, त्या दिवशी आता तिला नेमकी दुसरी कामं निघत. एका शुक्रवारी तिने माळा आवरायला काढला. एका शुक्रवारी अंबाडी गावाला जाऊन आली, कारण तिथे वाल चांगले मिळतात म्हणे. शनिवारी सकाळी खालचा खडखडाट सुरू झाला की ती घाईने टेबलापाशी जायची, भिंग लावायची, आणि रेघ वाकडी आली की खालच्या दिशेने बघून "मेलं ते मशीन" म्हणायची. त्या म्हणण्यात सुटका असायची. मशीन चालू असेपर्यंत कंप मशीनचा होता.

बातमी खरी आहे की नाही हे तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि या एका बातमीबाबत मी तिच्याइतकाच शनिवारची वाट बघत होतो.

दिवाळी मात्र टळणार नव्हती. दिवाळीत सुताचा बाजार बंद होतो, कारागीर गावाला जातात, आणि लूम एक दिवस नाही, सलग बरेच दिवस थांबतात. माळे सगळे काढून झाले होते. वाल आणून झाले होते. ओसाकाच्या बाईचा निरोप आला होता, की पार्सलला किती वेळ लागेल याची काळजी वाटते, पण घाई करू नका, तुम्ही काढाल ते सुंदरच असेल. ताईने तो फोनवरच भाषांतर करून घेतला, मला वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

लूम थांबले ती दुपार होती. गल्लीत माणसं ओरडून बोलत होती, मग हळूहळू त्यांचे आवाज उतरले. दूर कुठेतरी रस्त्यावर फटाक्याची लड वाजली आणि संपली. आमच्या घरात फ्रिजचा आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वयंपाकघरात शेंगदाणे सोलत होतो. तिकडे पातेलं उचलल्याचा आवाज आला, मग बाटलीचं बूच, मग ब्रश पाण्यात हलवल्याचा. मी शेंगदाणे सोलणं थांबवलं. फोलपटाचाही आवाज नको होता. ती श्वास धरते तेव्हा किती वेळ धरते, ते मला माहीत होतं. त्या दिवशी त्याहून जास्त वेळ गेला असं वाटलं.

"ये," ती म्हणाली. "बघ."

भिंगाखाली हेडमास्तर उभे होते. झग्याची घडी बाजूला ठेवलेली, गुडघ्यांच्या पट्ट्या जागच्या जागी, दोन्ही हात बाजूला सोडलेले. डाव्या डोळ्याभोवतीची रेघ स्वच्छ होती. उजव्या डोळ्याखाली ती तीन ठिकाणी थरथरली होती. टेबलावर ग्लास होता आणि त्यातलं पाणी काचेसारखं होतं.

"परत काढून बघ," मी म्हणालो.

"काढली होती. ही दुसरी आहे."

तिने ब्रश धुतला, टोक बोटांनी नीट केलं, टोपण घातलं. मग उजवा हात डाव्या हातात धरून थोडा वेळ बसली. अंगठा फिरत होता. या वेळी मी पाहिला आणि तिने तो झाकला नाही.

"बिचाऱ्या अन्सारीभाईंना फुकट शिव्या दिल्या," ती म्हणाली. "चल, सांगून येऊ. टायर काढा म्हणावं, तुमचं काम अडत असेल."

अन्सारीभाई बंद कारखान्यात एकटेच होते. कारागीर गेल्यावर ते स्वतः मशीन पुसून तेल घालतात. शटर अर्धं वर होतं आणि आत ताणलेल्या सुतावर उन्हाची एक तिरीप पडली होती. इतक्या शांततेत त्यांच्याशी बोलायची आम्हाला सवय नव्हती. ताई नेहमीच्याच मोठ्या आवाजात सुरू झाली आणि मध्येच आवाज खाली आणला.

"अन्सारीभाई, ते रबर काढलंत तरी चालेल. तुमच्या मशीनचं नव्हतं ते. आज लूम बंद आहेत, तरी रेघ हललीच."

अन्सारीभाई तेलाचा डबा हातात धरून उभे राहिले. त्यांनी अप्पांना पाहिलं होतं. अप्पांना दवाखान्यात न्यायचं असलं की खुर्चीसकट जिन्यावरून उतरवायला त्यांचेच कारागीर यायचे. त्यांनी ताईच्या हाताकडे एकदा पाहिलं, आणि लगेच लूमकडे.

"नहीं दीदी," ते म्हणाले. "मशीनच का है."

"मशीन बंद आहे, अन्सारीभाई."

"बंद है तो क्या हुआ. इतना महिना दोनों शिफ्ट चला है. जमीन में रह जाता है. पूरी दिवाली रहेगा." मग माझ्याकडे वळून, जरा रागावल्यासारखे, "आप बोलो ना इनको. रहता है कि नहीं?"

"राहतं," मी म्हणालो.

ताईने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो, जिथे काहीही हलत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "मग दिवाळी होऊ दे."

अन्सारीभाईंनी मान हलवली आणि ते पुन्हा तेल घालू लागले. आम्ही शटरखालून वाकून बाहेर आलो. जिन्यात ताई पुढे होती. पहिल्या मजल्यावर ती थांबली, कठडा धरला आणि मागे न बघता म्हणाली, "दिवाळी संपली की लगेचची वेळ घे, अप्पांच्याच डॉक्टरांची. लूम सुरू व्हायच्या आतली."